स्वतंत्र टीव्ही निर्माता व्हायचंय? हक्कांचं कलम आधी वाचा

मी काही वर्षं वाहिनीच्या खुर्चीत बसून लोकांच्या कल्पना नाकारल्या, मग बाहेर पडून स्वतःच्या नाकारून घेतल्या. दोन्ही बाजूंनी पाहिलंय, म्हणून सांगते: कार्यक्रम बनवणारे पुष्कळ असतात, बनवलेला कार्यक्रम स्वतःकडे राखणारे थोडे.

सुरुवात वाहिनीतच करा. प्रोग्रॅमिंगमध्ये, म्हणजे कार्यक्रम निवडणाऱ्या विभागात, आणि जमलं तर शेड्युलिंगमध्ये, म्हणजे कुठला कार्यक्रम कधी लावायचा ते ठरवणाऱ्या विभागात, कारण तिथे 'हो' म्हणणारा माणूस नेमका कोण, बजेट कधी ठरतं आणि कुठला स्लॉट, म्हणजे प्रक्षेपणाची कुठली वेळ, दुखतोय ते कळतं. बाहेर पडल्यावर हीच माहिती कामी येते. ज्या वेळेचे प्रेक्षकांचे आकडे घसरलेत तिच्यासाठी कार्यक्रम घेऊन जा. त्या वेळेचं काय करायचं या काळजीत असलेला माणूस तुमचं शेवटपर्यंत ऐकून घेतो.

पिचसाठी, म्हणजे वाहिनीपुढे कल्पना मांडायला, एक पान पुरतं. शीर्षक, दोन वाक्यांत कल्पना, आणि एका भागात सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय घडतं. मी हमखास विचारायचे, 'चाळिसाव्या भागात काय दाखवणार?' पहिल्या भागाचं रसभरित वर्णन सगळ्यांकडेच असतं. आणि होकार नसलेल्या सूत्रसंचालकाचं नाव कागदावर टाकू नका. तो नको म्हणाला की कार्यक्रमच लंगडा वाटायला लागतो.

आता हक्कांकडे. नुसत्या कल्पनेला कायद्याचं संरक्षण जवळजवळ नसतं. ब्रिटनमधल्या ह्यूई ग्रीन यांचा 'ऑपॉर्च्युनिटी नॉक्स' हा हौशी कलाकारांचा कार्यक्रम होता. न्यूझीलंडमध्ये त्याच नावाचा, तशाच धाटणीचा कार्यक्रम निघाला, टाळ्या मोजायच्या यंत्रासकट. ग्रीन कोर्टात गेले, अगदी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे न्यूझीलंडच्या खटल्यांच्या तेव्हाच्या शेवटच्या अपिलापर्यंत, आणि १९८९ मध्ये हरले. म्हणून सगळं लिहून काढा: नियम, फेऱ्या, मिनिटांचा हिशेब, सेटचा आराखडा, प्रकाशयोजना, संगीत कुठे वाजणार, सूत्रसंचालकाची ठरलेली वाक्यं. याला आमच्याकडे बायबल म्हणतात. परदेशातली वाहिनी फॉरमॅट, म्हणजे कार्यक्रमाचा साचा, घेते तेव्हा ती या कागदांचे आणि सोबत येणाऱ्या अनुभवाचे पैसे मोजते.

हक्क कसे राखावेत याचा माझा आवडता धडा जुना आहे. १९५१ मध्ये 'आय लव्ह ल्यूसी' हा विनोदी कार्यक्रम सुरू होताना सीबीएस या अमेरिकी वाहिनीला तो न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित करायचा होता. त्यातले मुख्य कलाकार, ल्यूसिल बॉल आणि डेझी आर्नाझ हे नवरा-बायको, यांना लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं. त्यांनी फिल्मवर चित्रित करायचं ठरवलं. खर्च वाढला, तेव्हा त्यांनी स्वतःचं मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात त्या फिल्मची मालकी आपल्या देसिलू कंपनीकडे ठेवली. पुनःप्रक्षेपणातून पैसा मिळू शकतो हे तेव्हा फारसं कुणाच्या डोक्यातही नव्हतं! तेव्हा फी कमी करायची वेळ आली तर ती फुकट कमी करू नका. त्या जागी एखादा हक्क मागा. परदेशी विक्री, रिमेक, डिजिटल, पुनःप्रक्षेपण, प्रत्येकाची वेगळी ओळ लिहून घ्या. 'सर्व माध्यमे, कायमस्वरूपी' असं दिसलं की पेन खाली ठेवा.

वाहिनी ऐकते का? कधी ऐकते, कधी नाही. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये चॅनल फोर सुरू झालं तेच बाहेरच्या निर्मात्यांकडून कार्यक्रम घेण्यासाठी, आणि तिथे २००३ च्या कायद्यानंतर स्वतंत्र निर्मात्यांची हक्कांची बाजू भक्कम झाली. जिथे असा कायदा नाही तिथे घासाघीस तुम्हालाच करावी लागते.

घरच्या बाजारात नकार आला तर बाहेर बघा. चार्ली पार्सन्स हे ब्रिटिश निर्माते, पण त्यांचा बेटावरचा खेळ पहिल्यांदा पडद्यावर आला तो १९९७ मध्ये स्वीडनमध्ये. अमेरिकेत तो 'सर्व्हायव्हर' म्हणून पोचला २००० साली.

पैशांबद्दल थोडक्यात: वाहिनीकडून मिळणारे हप्ते चित्रीकरणाच्या आधी सुरू होतील असे बांधा. शेवटचा हप्ता नेहमी उशिरा येतो, त्याच्या भरवशावर संकलकाचे पैसे अडकवू नका. बजेटमध्ये दहा टक्के आकस्मिक खर्चाला ठेवा आणि वाहिनीने ती ओळ खोडली तर एक चित्रीकरणाचा दिवस कमी करा.

एक कलम मात्र विसरू नका. वाहिनीने ठरलेल्या मुदतीत कार्यक्रम बनवला नाही, तर कल्पना तुमच्याकडे परत यायला हवी. ती तारीख कॅलेंडरात टाका आणि त्या दिवशी लेखी पत्र पाठवा. फोनवर बोलून भागवू नका.