तोनकात्सुच्या दुकानात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जपानात आल्यावर आपली बरीच मंडळी पहिलं वर्ष घर, ऑफिस आणि तोक्योतल्या निशिकासाईतली भारतीय दुकानं यांतच काढतात. बाहेर जेवायचं ठरलं तरी पुन्हा नान आणि बटर चिकनच. मला याचं वाईट वाटतं. डुकराचं मांस चालत असेल, तर तोनकात्सुइतकं पोटभर, गरमागरम आणि निवांत जेवण या देशात दुसरं नाही. साखळी दुकानात हजार येनच्या आसपास पूर्ण ताट मिळतं. चांगल्या जुन्या दुकानात दोन-तीन हजार लागतात, पण महिन्यातून एकदा तेही जरूर करा.

मांसाच्या जाड कापाला मैदा, अंडं आणि पावाचा भरड चुरा लावून भरपूर तेलात तळायचं, ही त्याची पद्धत. तोक्योच्या गिन्झा भागातल्या रेंगातेइ या रेस्टॉरंटने १८९९ साली डुकराचं कटलेट असं तळायला घेतलं आणि तिथून हा पदार्थ वाढला, असं सांगतात. नागोयात राहणार असाल तर वरून दाट लाल मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा) रस्सा घातलेला मिसोकात्सु मिळेल. तो गोडसर असतो, काहींना आवडायला वेळ लागतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. हे नीट वाचा, कारण नवीन आलेल्यांना इथेच ठेच लागताना मी सारखी बघते. फोटोत सगळेच तळलेले गोळे सारखे दिसतात. गोमांस न खाणारा माणूस "डुकराच्या दुकानात आलोय, इथे गोमांस कुठून येणार" असं धरून मेन्चिकात्सु मागवतो. मेन्चिकात्सु खिम्याचा असतो आणि त्यात बहुतेक वेळा गाय आणि डुक्कर दोन्हींचा खिमा एकत्र असतो. कोरोक्के बटाट्याचं असतं, म्हणून शाकाहारी मंडळी ते बिनधास्त घेतात. त्यातही अनेकदा खिमा असतो. कात्सुकरी म्हणजे कटलेट आणि करी-भात; तिच्या करीत गायीची किंवा डुकराची चरबी असू शकते. ग्यूकात्सु तर सरळ गोमांसाचाच, आणि त्याच्या पाट्या तोनकात्सुच्या पाट्यांशेजारी झळकत असतात. खाऊन झाल्यावर कळलं की माणूस आठवडाभर अस्वस्थ राहतो. मला त्याची ती अवस्था समजते, म्हणून एक वाक्य पाठ करायला सांगते: "ग्यूनिकु हाइत्ते इमासु का?" म्हणजे यात गोमांस आहे का. उत्तर "हाइत्ते इमासु" आलं तर आहे, "हाइत्ते इमासेन" आलं तर नाही. डुकराबद्दल विचारायचं तर ग्यूनिकुच्या जागी बुतानिकु म्हणा. लाजू नका. वेटरला न कळल्यास तो आत जाऊन विचारून येतो. अ‍ॅलर्जीच्या तक्त्यावर विसंबू नका. अंडं, दूध, गहू, कोळंबी यांची नोंद वेष्टनबंद मालावर सक्तीची आहे, मांसाची नाही. शिवाय रेस्टॉरंटला तेवढंही बंधन नाही.

शाकाहारी असाल तर स्पष्टच सांगते, हे दुकान तुमच्यासाठी नाही. अनेक ठिकाणी तळणच डुकराच्या चरबीचं असतं, मिसो सूपमध्ये माशाचा अर्क असतो, आणि सगळं एकाच कढईत तळतात. "हे काढून द्या, ते घालू नका" अशी विनंती इथे सहसा चालत नाही. मित्रांबरोबर जायचंच असेल तर आधी घरून खाऊन निघा.

मासे आवडणाऱ्यांना चुऱ्यात तळलेली एबीफुराइ म्हणजे मोठी कोळंबी आणि आजीफुराइ म्हणजे आजी नावाचा बांगड्यासारखा मासा जरूर सुचवेन. रव्यात तळलेला बांगडा खाऊन वाढलेल्या माणसाला हा मासा पहिल्याच घासात आपला वाटतो, फक्त चुऱ्याचं कवच जाड आणि खरखरीत असतं. हिवाळ्यात काकीफुराइ म्हणजे कालवं येतात. ती संधी सोडू नका.

मागवताना दोनच नावं लक्षात ठेवा. रोसु म्हणजे चरबीची कड असलेला काप, हिरे म्हणजे चरबी नसलेला मऊ भाग. मी नेहमी रोसुच घ्या म्हणते. चव त्या कडेतच आहे. "तेइशोकु" म्हटलं की भात, मिसो सूप, लोणचं आणि बारीक चिरलेल्या कोबीचा ढीग येतो. वाकोसारख्या साखळी दुकानांत भात, सूप आणि कोबी पुन्हा मोफत मिळतात. "ओकावारी ओनेगाइशिमासु" एवढंच म्हणायचं. पण मागितलेलं संपवा. भात ताटात टाकून उठणारी आपली माणसं पाहिली की मला राग येतो. कोणी काही बोलणार नाही, पण पुढच्या भारतीयाकडे लोक त्याच नजरेने बघतात.

ताट आल्यावर घाई करू नका. लहान कुंडीत तीळ दिले असतील तर आधी ते लाकडी दांड्याने कुटा, मग त्यात सॉस ओता. सगळ्या तुकड्यांवर एकदम सॉस ओतू नका, कुरकुरीतपणा मरतो. पहिला तुकडा नुसता किंवा मिठाबरोबर खा. कडेला असलेली पिवळी मोहरी तिखट आणि नाकात जाणारी असते, चिमूटभरच लावा. मांस मध्ये किंचित गुलाबी दिसलं तरी घाबरू नका, चांगल्या दुकानांत मंद आचेवर तळल्याने तसं दिसतं. कच्चं खाण्यासाठी डुक्कर विकायला तर २०१५ पासून बंदीच आहे. चॉपस्टिक जमत नसेल तर चमचा मागा.

पैशांचं: स्वस्त साखळी दुकानांत दारातच तिकिटाचं यंत्र असतं. आधी नोट घालायची, मग बटण दाबायचं. काही जुनी यंत्रं जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटा घेत नाहीत, म्हणून खिशात नाणी ठेवा. टीप द्यायची नसते.

उरलेलं बांधून मागू नका, विषबाधेच्या भीतीने बहुतेक नाही म्हणतात. घरी न्यायचं असेल तर आधीच बेन्तो म्हणजे बांधलेला डबा सांगा, त्यावर करही ८ टक्के पडतो, आत बसून जेवलात तर १०.

छोट्या दुकानात दहाजणांचं टोळकं घेऊन जाऊ नका, काउंटरवर बसून फोनवर बोलू नका, आणि दोघांत एक ताट चालेल का असं विचारू नका. मुलं बरोबर असतील तर मोठ्या स्टेशनच्या किंवा डिपार्टमेंट स्टोअरच्या वरच्या मजल्यावरच्या दुकानात जा. तिथे काचेत ताटांच्या प्रतिकृती असतात, बोट दाखवून मागवता येतं, आणि मुलांचं वेगळं ताटही बऱ्याचदा मिळतं. वेळ दुपारी दीडनंतरची धरा, बारा वाजता ऑफिसची रांग लागते.