शाखाध्यक्षपदाच्या वर्षाचा आढावा कसा घ्यावा

विज्ञानसंस्थेच्या स्थानिक शाखेने मध्यवर्ती संस्थेला पाठवायचा वार्षिक अहवाल आणि शाखाध्यक्षाने घ्यायचा आपल्या कारकिर्दीच्या वर्षाचा आढावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच समजल्या जातात, म्हणून अहवाल वेळेवर जातो आणि आढावा मात्र बहुधा राहून जातो. किती कार्यक्रम झाले, सभासद किती आहेत, जमाखर्च जुळतो का, एवढेच अहवालात विचारलेले असते. आयट्रिपलई (IEEE) या विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या जागतिक संघटनेसारख्या संस्थेत एखाद्या तांत्रिक शाखेने वर्षात किमान दोन सभा घ्याव्यात अशी अपेक्षा असते. दोन व्याख्याने झाली की अहवालापुरते काम पूर्ण होते, परंतु शाखा वर्षाअखेर अधिक सशक्त झाली की एका व्यक्तीच्या धावपळीवर तग धरून राहिली, हे त्या रकान्यांतून कळत नाही. आढाव्याने शोधायचे ते हेच, आणि पुढे सांगितलेली पद्धत याच प्रश्नाभोवती रचलेली आहे.

आढावा पद सोडल्यानंतर घ्यावा असे अनेकांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. मुदत संपण्याच्या सुमारे दोन महिने आधी सुरुवात करावी, कारण तेव्हा चिटणीस, खजिनदार आणि कार्यकारिणीचे इतर सदस्य अजून कामात असतात, कागदपत्रे हाताशी असतात आणि एखादी चूक सापडली तर ती दुरुस्त करायलाही थोडा अवधी उरलेला असतो. मुदत संपल्यावर लोक पांगतात आणि प्रत्येकाच्या आठवणीतले वर्ष निराळे होऊ लागते.

आधी कागद, मग माणसे, शेवटी स्वतःची आठवण

हा क्रम कटाक्षाने पाळावा. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की एखाद्या घटनेचा शेवट ठाऊक झाल्यावर माणसांना तो शेवट आधीपासूनच संभवनीय होता असे वाटू लागते आणि आपल्याला तो आधीच दिसला होता असेही ती मानतात. अध्यक्षाच्या बाबतीत हे हमखास घडते. कार्यशाळा यशस्वी झाली की आपण ती पहिल्यापासून ठरवूनच आखली होती असे वाटते आणि फसली की आपल्याला शंका होतीच असे आठवते. म्हणून वर्षाच्या आरंभी आपण खरोखर काय योजले होते ते शोधण्यासाठी पहिल्या कार्यकारिणी सभेचे इतिवृत्त, सभासदांना पाठवलेले पहिले पत्र आणि मंजूर झालेला अर्थसंकल्प हे तीन कागद प्रथम काढावेत, आणि त्यातील प्रत्येक संकल्प जसाच्या तसा, आजच्या शहाणपणाने न सुधारता, एका कोऱ्या पानावर उतरवून घ्यावा.

लंडनच्या रॉयल सोसायटीचे संस्थापक २८ नोव्हेंबर १६६० रोजी एकत्र जमले, तेव्हापासूनच्या सभांचे कामकाज तिच्या नोंदवह्यांत उतरवलेले आहे. कोणाच्याही शब्दावर विसंबू नये, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य या संस्थेने स्वीकारले. आढावा घेताना ‘कोणाच्याही’ या शब्दात आपण स्वतःही येतो, हे लक्षात असू द्यावे.

इतिवृत्ते वाचताना एक साधी गोष्ट करून पाहावी. जो विषय सलग तीन सभांच्या विषयपत्रिकेवर आला आणि तिन्ही वेळा ‘पुढील सभेत विचार करावा’ या शेऱ्यासह पुढे ढकलला गेला, त्याखाली खूण करावी. अशा विषयांची यादी वर्षाबद्दल फार काही सांगते. कधी तो विषय मुळात अनावश्यक असतो, कधी त्याची जबाबदारी कोणाकडेच नसते आणि कधी त्यावर बोलण्याचे धाडस कोणी केलेले नसते. या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे असतात, म्हणून प्रत्येकासमोर कारण लिहिणे आवश्यक आहे.

कार्यक्रमांचा तक्ता

त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमासाठी एक ओळ असा तक्ता तयार करावा. तारीख, वार, वेळ, विषय, वक्ता, नोंदणी, प्रत्यक्ष उपस्थिती, पहिल्यांदा आलेल्यांची संख्या आणि खर्च हे रकाने सर्वांनाच सुचतात. त्यांत आणखी एक जोडावा : हे काम प्रत्यक्षात कोणी केले. वक्त्याशी पत्रव्यवहार, सभागृहाची व्यवस्था, सूचनापत्रक, दारावरची नोंदणी, आभारपत्र अशा प्रत्येक कामापुढे ज्या व्यक्तीने ते केले तिचे नाव लिहावे, ज्याच्याकडे ते सोपवले होते त्याचे नव्हे. या रकान्याकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

उपस्थितीचे आकडे वाचताना आपण प्रयोगशाळेत जी काळजी घेतो ती येथे सोडू नये. श्रोत्यांची संख्या सरासरी २५ च्या आसपास असेल, तर तिच्या वर्गमूळाइतका, म्हणजे साधारण ५ चा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो. त्यामुळे मार्चमध्ये २२ आणि जूनमध्ये २९ लोक आले यावरून जूनचा विषय अधिक आवडला असा निष्कर्ष काढता येत नाही. प्रत्यक्षात तर मित्र मित्रांना घेऊन येतात, एखाद्या प्रयोगशाळेतील गट एकत्र येतो किंवा न येतो, आणि त्यामुळे चढउतार याहूनही मोठा असू शकतो. एका वर्षाच्या आठ-दहा कार्यक्रमांवरून आलेख काढून त्यात कल शोधण्याचा मोह टाळावा. मागील तीन-चार वर्षांचे हजेरीपट मिळाले तर मात्र ते जरूर शेजारी ठेवावेत.

एकूण उपस्थितीपेक्षा माणसे मोजणे अधिक उपयोगाचे ठरते. समजा, वर्षभरातील उपस्थितीची बेरीज २४० झाली. ती ४० जणांनी सहा-सहा वेळा येऊन झालेली असू शकते, किंवा २४० वेगवेगळ्या व्यक्ती एकेकदा येऊन पुन्हा न फिरकल्यानेही झालेली असू शकते. पहिल्या शाखेला घट्ट गाभा आहे पण तिचे दार बंद झालेले असू शकते, दुसरीचे दार उघडे आहे पण आत थांबावे असे कोणाला वाटत नाही. बेरीज एकच असूनही दोघींची दुखणी निराळी आहेत. म्हणून हजेरीपटांवरून नावे जुळवावीत आणि पहिल्या सहामाहीत प्रथमच आलेल्यांपैकी किती जण पुन्हा आले ते पाहावे.

येथे एक अवांतर वाटणारी पण महत्त्वाची बाब सांगतो. विज्ञानसंस्थांचे वर्ष ठरावीक दिवसांभोवती फिरते : ११ फेब्रुवारीचा विज्ञानातील महिला व मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस, १८७५ च्या मीटर कराराच्या स्मरणार्थ २० मे रोजी येणारा जागतिक मापनशास्त्र दिन, १० नोव्हेंबरचा शांतता व विकासासाठीचा जागतिक विज्ञान दिन. अध्यक्षपदाचे वर्ष जानेवारीत सुरू होत असेल, तर फेब्रुवारीच्या कार्यक्रमाची बरीचशी आखणी आपल्या पूर्वसूरींनी केलेली असते आणि पुढील फेब्रुवारीची आपण केलेली आखणी आपल्या नंतरच्या वर्षात दिसणार असते. श्रेय आणि दोष यांची वाटणी करताना हे अंतर धरले नाही, तर आढावा पहिल्याच पायरीवर चुकतो.

जे आले नाहीत त्यांच्याकडे जावे

प्रश्नावली पाठवली की उत्तरे येतात ती जे नेहमी येतात त्यांचीच. ते समाधानी असतात, म्हणून तर येत असतात. शाखेला ज्यांचे म्हणणे कळायला हवे ते सभासद प्रश्नावली उघडतही नाहीत. म्हणून वर्षारंभीची आणि वर्षअखेरीची सभासद यादी शेजारी ठेवून कोणाची नावे गळली, आणि हजेरीपटांवरून कोण येईनासे झाले, हे शोधावे आणि त्यांपैकी आठ-दहा जणांना स्वतः दूरध्वनी करावा. काहींची नोकरी बदललेली असेल, कोणाचे पदव्युत्तर शिक्षण संपले असेल, कोणी निवृत्त झाले असेल. त्यात शाखेचा दोष नसतो, आणि तसे स्पष्ट लिहून ठेवावे.

बोलताना ‘आमचे कार्यक्रम आपल्याला कसे वाटतात’ असे विचारू नये, कारण सौजन्यापोटी ‘छान असतात’ एवढेच उत्तर मिळते. ‘आपण शेवटचे कधी आला होतात, आणि त्यानंतरच्या कार्यक्रमाला येणे का जमले नाही’ असे घडलेल्या गोष्टीबद्दल विचारावे. आमच्या शाखेत सायंकाळच्या व्याख्यानांची गर्दी ओसरली, तेव्हा विषय कठीण होत चालल्यामुळे हे झाले असे माझे ठाम मत होते. सात जणांशी बोलल्यावर कळले की विषयांबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. उद्योगांतील प्रयोगशाळांत पाळीत काम करणाऱ्यांना ती वेळच अशक्य होती, आणि वर्षभरातले सगळे वक्ते विद्यापीठांतून आलेले असल्याने ही शाखा आपल्यासाठी नाही असा त्यांचा समज झाला होता. मी विषय सोपे करत बसलो असतो, तर येणाऱ्यांचीही निराशा झाली असती.

कार्यकारिणीची बैठक

तक्ता आणि दूरध्वनींच्या नोंदी हाती आल्यावर कार्यकारिणीची केवळ या कामासाठी बैठक बोलवावी, नियमित सभेच्या शेवटी उरलेल्या वेळात हे उरकू नये. अमेरिकी लष्करात १९७० च्या दशकात रुळलेली चार प्रश्नांची पद्धत येथे उपयोगी पडते : काय व्हायचे ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले, तसे का झाले, पुढील वेळी काय करावे. सर्व कार्यक्रम घेण्याची गरज नाही. सर्वांत चांगला झालेला एक, फसलेला एक आणि ज्याबद्दल मतभेद आहेत असा एक निवडावा. बैठकीचे संचालन दुसऱ्या कोणाकडे द्यावे आणि अध्यक्षाने प्रत्येक प्रश्नावर शेवटी बोलावे, कारण अध्यक्ष आधी बोलला की बाकीचे त्याच्या बोलण्याला दुजोरा देतात किंवा गप्प बसतात.

या चर्चेत निर्णय आणि परिणाम वेगळे काढावेत. वक्ता ऐनवेळी आजारी पडला आणि व्याख्यान रद्द झाले, तर त्याला बोलावण्याचा निर्णय चुकीचा ठरत नाही. पर्यायी वक्ता तयार नव्हता, ही उणीव मात्र खरी असते. याउलट, अखेरच्या आठवड्यात ठरवलेला कार्यक्रम योगायोगाने गर्दीचा झाला, तर ती पद्धत अनुकरणीय होत नाही.

पैशाच्या बाजूवर फार रेंगाळण्याचे कारण नाही, कारण तो हिशेब खजिनदार ठेवतोच आणि त्याची तपासणी त्याच्याव्यतिरिक्त कोणीतरी करायलाच हवी. शिल्लक वाढणे हे आपोआप यश नसते, आणि एकाच प्रायोजकावर वर्ष उभे असेल तर तसे नमूद करावे, इतके पुरे.

स्वतःचा वाटा

आता तक्त्यातील शेवटच्या रकान्याकडे यावे. निम्म्याहून अधिक कामांपुढे अध्यक्षाचेच नाव असेल, तर कार्यक्रम कितीही उत्तम झालेले असोत, शाखा दुबळी झाली आहे असे मी मानतो. हे वाचताना वाईट वाटते, कारण त्या प्रत्येक नावामागे आपण खर्च केलेली एक संध्याकाळ असते. पण पुढील अध्यक्षाकडे तेवढ्या संध्याकाळी असतीलच असे नाही. त्या रकान्यातून तीन याद्या काढाव्यात : वर्षापूर्वी शाखेत कोणतेही काम न करणारे आणि या वर्षी एखादे काम पूर्ण करणारे कोण, काम सोपवल्यावर मधेच आपण ते परत हातात घेतले असे कोण, आणि गेल्या वर्षी काम करणारे पण या वर्षी ज्यांना कोणी विचारलेच नाही असे कोण. दुसऱ्या यादीतील व्यक्तींशी स्वतंत्रपणे बोलावे. बहुधा काम त्यांना जमत नव्हते असे नसते. त्यांना किती अधिकार आहे हे सांगितलेले नसते, किंवा आपल्याला धीर धरवलेला नसतो. पहिल्या यादीतील नावे वाढवणे हे वर्षभरातले सर्वांत मोलाचे काम आहे आणि ते कोणत्याही अहवालात विचारले जात नाही.

टिपण आणि कार्यभार

अमेरिकन केमिकल सोसायटीच्या स्थानिक शाखांत नियोजित अध्यक्ष, अध्यक्ष आणि मावळते अध्यक्ष अशी साखळी रूढ आहे. एका वर्षाचे शिकणे दुसऱ्या वर्षात पोहोचवण्याचा तो चांगला मार्ग आहे. अशी रचना आपल्या संस्थेत असो वा नसो, आढाव्याचे लेखी टिपण करावेच. सभासदांसाठी एक पान पुरते, त्यात फसलेल्या गोष्टींचाही उल्लेख असावा. उत्तराधिकाऱ्यासाठी चार-पाच पानांचे टिपण असावे. त्यात चालू ठेवण्याजोग्या दोन-तीन गोष्टी, थांबवावी अशी किमान एक गोष्ट, नकार दिलेल्या वक्त्यांची नावे आणि त्यांची कारणे, अपूर्ण राहिलेली आश्वासने आणि इतिवृत्तांत खूण केलेले विषय यावेत. व्यक्तींबद्दलचे मतप्रदर्शन त्यात नसावे, कारण असा कागद कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही.

टिपणासोबत ईमेल खात्याचे आणि संकेतस्थळाचे पासवर्ड, सभासदांची अद्ययावत यादी, सभागृहाशी झालेला पत्रव्यवहार आणि बँकेतील सह्यांच्या बदलाचे अर्ज द्यावेत. सह्या बदलायला अपेक्षेपेक्षा जास्त दिवस लागतात, म्हणून तो अर्ज सर्वांत आधी भरावा. हे सर्व समोरासमोर बसून सोपवावे आणि त्यानंतर तीन महिन्यांनी नव्या अध्यक्षांना पुन्हा एकदा भेटावे. त्या भेटीत सल्ला देण्याऐवजी त्यांनी विचारलेले प्रश्न लिहून घ्यावेत, आणि ज्यांची उत्तरे टिपणात नव्हती ती त्याच टिपणाच्या शाखेकडील प्रतीत भरून ती चिटणिसांकडे सुपूर्द करावी.