जांभळ्या पानांचा शोभेचा प्लम: खानदेशासाठी हिवाळी लागवड सल्ला

उघड्या मुळांची (मातीच्या गोळ्याविना मिळणारी) प्लमची कलमे डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे झाड सुप्तावस्थेत असतानाच लावावी लागतात, त्यामुळे घरापुढे किंवा फार्महाउसच्या वाटेवर जांभळ्या पानांचा प्लम लावू इच्छिणाऱ्यांनी खरेदीचा निर्णय आताच घ्यावा. मात्र हे झाड शोभेचे आहे. खानदेशात त्याकडे फळपीक म्हणून पाहू नये.

लाल-जांभळ्या पानांची अनेक झाडे दिसायला सारखी असल्याने खरेदीच्या वेळी ओळख पटवून घेणे महत्त्वाचे आहे. प्लमची पाने फांदीवर एकाआड एक येतात, त्यांची कड बारीक दातेरी असते आणि जुन्या सालीवर आडव्या रेघा दिसतात. तीन-तीन पानांचे झुपके, बिनदातेरी कड आणि देठ तोडताच पांढरा चीक दिसला, तर ते लाल पानांचे युफोर्बिया समजावे. त्याचा चीक त्वचेला व डोळ्यांना अपायकारक असल्याने ही तपासणी जपून करावी. अकॅलिफा या शोभेच्या झुडपाची पाने बरीच मोठी आणि बहुधा ठिपकेदार असतात. रोप सुप्तावस्थेत निष्पर्ण असेल, तर साल आणि कलमाचा सांधा पाहूनच घ्यावे.

हा प्लम मूळचा थंडीचा आहे. इराणच्या शाहच्या बागेतील फ्रेंच माळी पिसार्ड यांनी तो १८८० च्या सुमारास फ्रान्सला पाठवला, आणि ‘पिसार्डी’ हे नाव त्यावरूनच पडले. फुलोऱ्यासाठी लागणारी सात अंशांखालची थंडी तापीकाठच्या सपाट भागात थोडेच तास मिळते, म्हणून चित्रांतल्यासारख्या गुलाबी बहराची अपेक्षा येथे न ठेवलेली बरी. तोरणमाळसारख्या उंच भागात शक्यता अधिक आहे. सपाटीवर ‘क्राउटर व्हेसुव्हियस’ हा उष्णता तुलनेने सहन करणारा वाण मिळाल्यास तोच निवडावा.

खरा धोका काळ्या जमिनीचा आहे. पावसाळ्यात पाणी साचले की मुळे कुजतात, खोडातून डिंक येतो आणि झाड हळूहळू वाळते. म्हणून दोन फूट खोल खड्डा मुरूम, पोयटा आणि कुजलेल्या शेणखताने भरून, त्यावर फूटभर उंचवटा करून कलम लावावे व सांधा मातीच्या वर ठेवावा. चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता भासून पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो, तेथे हे झाड टाळलेलेच बरे.

पानांचा जांभळा रंग उन्हातच खुलतो, सावलीत हिरवट होतो. पण एप्रिल-मेचे दुपारचे ऊन पाने करपवते. यावर पूर्वेचे मोकळे ऊन आणि पश्चिमेला भिंतीचा किंवा मोठ्या झाडाचा आडोसा हाच उपाय आहे. पहिल्या उन्हाळ्यात शेडनेट, खोडाला चुन्याचा लेप, बुंध्यापासून थोडे दूर केळीच्या वाळलेल्या पानांचे आच्छादन आणि ठिबकने वाफसा टिकेल एवढेच पाणी द्यावे.

सांध्याखालून हिरव्या पानांचे फुटवे आले, तर ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या मूळ रोपाचे असतात. ते बुडापासून काढावेत, अन्यथा काही वर्षांत जांभळे झाड हिरवे होऊन बसते. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसल्यास निंबोळी अर्क फवारावा. छाटलेल्या फांद्या गुरे-शेळ्यांपुढे टाकू नयेत, कारण या वर्गातील झाडांच्या कोमेजलेल्या पानांत सायनाइड तयार होते.