धुण्याच्या पावडरीचे पैसे मोरीत जातात: या चुका टाळा

सोलापूरच्या नवी पेठेत आमचं टॉवेल-चादरींचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली, मी गल्ल्यावर बसते. लग्नसराई ओसरली की दर उन्हाळ्यात एकच तक्रार येते, "काकू, टॉवेल पाणीच ओढत नाही. माल बदलला का?" माल बदललेला नसतो. सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि चांगला सुती टॉवेल जितका धुवाल तितका जास्त पाणी ओढतो. तो उलटा वागायला लागला तर कापडाकडे नाही, धुण्याकडे बघायचं. ज्या घरात टॉवेल असा होतो त्या घरात महिन्याला किलोभर पावडर फुकट जाते, हे मी आता घर न बघता सांगते.

मुठीने पावडर टाकणं आणि फेसावर भरवसा ठेवणं

ही चूक नंबर एक. हिच्यापुढे बाकीच्या किरकोळ आहेत.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात जुळे सोलापुरातून एक ताई आल्या. पिशवीत सहा टॉवेल, वर्षभरापूर्वी आमच्याकडूनच नेलेले. "अंग पुसलं की पाणी नुसतं इकडून तिकडे होतंय. अर्धे पैसे तरी परत द्या." टॉवेल हातात घेतला तर पापडासारखा कडक. बाटलीतलं थोडं पाणी त्यावर टाकलं, तर अळवावरच्या पाण्यासारखं घरंगळलं. मी वाद घातला नाही. दुकानातल्या पोराला गच्चीवरच्या टाकीचं बादलीभर पाणी आणायला सांगितलं. मे महिन्यात दुपारी त्या पाण्यात हात बुडवून ठेवता येत नाही, वेगळं तापवायची गरजच नाही. त्यात पावडरीचा कणही न टाकता टॉवेल बुडवला आणि दहा-बारा वेळा दाबून काढला.

आधी पाणी ताकाच्या निवळीसारखं गढूळ झालं. मग कडेनं फेस धरायला लागला, आणि बघता बघता बोटभर वर आला. ताई म्हणाल्या, "तुम्ही पावडर टाकली का आत?" म्हटलं, "ही तुमचीच आहे, वर्षभराची." चौथ्या पाण्याला टॉवेल निवळ झाला. मागच्या दोरीवर टाकला, त्या उन्हात अर्ध्या तासात सुकला. परत त्यावर थोडं पाणी टाकलं. टाकताक्षणी जिरलं.

मग त्यांनी सांगितलं. मशीनमध्ये दर वेळी गच्च मूठभर पावडर, टॉवेल असले तर वर आणखी थोडी, आणि मऊपणासाठी शेवटी सॉफ्टनर. सॉफ्टनर धाग्यावर तेलकट पातळ थर चढवतो. अंगाला मऊ लागतं, पण पाणी ओढणं बंद होतं. टॉवेलवर सॉफ्टनर वापरूच नका. त्याचे पैसे सरळ वाचवा.

फेसाचं खरं असं आहे की मळ फेस काढत नाही. पावडरीतला जो भाग तेलकट मळाला धरून पाण्यात ओढतो, तो फेस कमी असला तरी आपलं काम करतो. आपण फेस बघून पावडर चांगली ठरवतो, म्हणून पावडरींना फेस जास्त दिलेला असतो. पाण्यात मळ उतरला की फेस बसतो. म्हणून माझी खूण उलटी आहे: धुणं संपतानाही फेस तसाच उभा असेल, तर पावडर जास्त झाली. पुढच्या वेळी कमी करायची.

आणि हे सोलापूर आहे. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. पाणी आलं की अख्ख्या घराचं मोठं धुणं एकाच दिवशी निघतं, आणि पाणी पुरवायचं म्हणून आपण विसळण्यात काटकसर करतो. पावडर मात्र सढळ हाताने. हा हिशोबच उलटा आहे. जास्तीची पावडर निघायला दोन बादल्या जास्त पाणी लागतं, ते मिळत नाही, मग ती टॉवेलच्या लूपमध्ये बसून राहते.

घरी स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर एकदा आपली मूठ तोलून बघा. माझी मूठ ५८ ग्रॅम भरली. तेव्हापासून डब्यात मोठा चमचा ठेवला आहे. बादलीभर रोजच्या धुण्याला दोन सपाट चमचे, म्हणजे साधारण २२ ग्रॅम. रोजचे ३६ ग्रॅम वाचले, महिन्याचे १ किलो ८० ग्रॅम. सपाट म्हणजे सपाट, शीग लावून नाही. मशीनला पाकिटावरचं माप भरलेल्या ड्रमसाठी असतं. अर्धंच धुणं असेल तर मापही अर्धं. इतकं साधं आहे, पण घाईत कुणी वाचत नाही.

बोअरच्या पाण्याला पावडर वाढवणं

आपल्याकडे अपार्टमेंटमध्ये पिण्याला नळाचं आणि वापरायला बोअरचं, अशी सोय असते. बोअरचं पाणी खडकातून येतं आणि सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. गीझरची कॉइल पांढरी होते, बादलीच्या कडेला चुन्यासारखी रेघ धरते, ते हेच. असं पाणी पावडरीतलं बळ आधी स्वतः खातं, मग उरलेलं कपड्यांच्या वाट्याला येतं. लोक म्हणतात पावडर हलकी निघाली. मग आणखी टाकतात, नाहीतर महागातली आणतात.

आधी पाणी ओळखा. काचेची स्वच्छ बाटली अर्धी भरा, अंगाच्या साबणाचा नखाएवढा तुकडा किसून टाका, झाकण लावून जोरात हलवा. फेस आला आणि खालचं पाणी स्वच्छ राहिलं, तर पाणी मऊ. फेस न धरता दही फुटल्यासारखा साका तरंगला, तर पाणी जड. शक्य असेल तर नळाच्या आणि बोअरच्या दोन बाटल्या शेजारी ठेवून बघा.

जड पाण्यावर माझा उपाय किराणा दुकानातला धुण्याचा सोडा. खाण्याचा नव्हे, तो यासाठी फार दुबळा पडतो. बादलीला एक लहान चमचा सोडा आधी पाण्यात टाकायचा, हाताने नाही, काठीने ढवळायचा, पाच मिनिटं थांबायचं, आणि मगच पावडर. हा क्रम महत्त्वाचा. सोडा आधी जाऊन पाण्यातला जडपणा बांधून टाकतो, मग पावडर सगळी मळाच्या कामी येते. पावडरीतही सोडा असतोच, पण पाणी मऊ करायला मूठभर पावडर टाकणं म्हणजे तोच सोडा महाग भावाने घेणं. रेशीम आणि लोकर सोड्यापासून लांब ठेवा. पैठणीला सोडा लावून आलेली बाई बघितली आहे, त्यावर उपाय नव्हता.

याच पाण्यामुळे मोबाईलवर बघून केलेलं "घरगुती लिक्विड" माझ्या डोक्यात जातं. साबणाच्या वड्या किसायच्या, उकळायच्या, बाटल्या भरायच्या, आणि पहिल्याच महिन्यात पैसे वाचले म्हणून सांगत सुटायचं. वडीतला साबण बोअरच्या पाण्यात फाटतो आणि तो साका कपड्यावर बसतो. सहा महिन्यांनी पांढरे शर्ट करडे पडतात. नव्या संसाराला वाचवायचे पैसे असतात हे मला कळतं, पण त्या शर्टांची किंमतही धरा ना. त्यापेक्षा आहे ती पावडर मोजून टाका.

बाकीच्या चुका, थोडक्यात

रात्रभर भिजत घालू नका. पाऊण तास पुरतो. आपल्याकडच्या उकाड्यात सकाळपर्यंत बादलीला वास सुटतो आणि एकाचा रंग दुसऱ्याला लागतो.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतू नका. दोघं एकमेकांना मारतात, हातात नुसता फसफसाट राहतो. ब्लीचमध्ये तर व्हिनेगर कधीच नाही, विषारी वायू सुटतो.

एन्झाइमवाल्या, म्हणजे मळ तोडणारे घटक घातलेल्या, पावडरीवर उकळतं पाणी ओतलं की एन्झाइम निकामी होतात आणि त्यांच्यासाठी दिलेले पैसे गेले. उन्हाळ्यात सकाळचं टाकीचं कोमट पाणी उत्तम.

फ्रंट लोड मशीनमध्ये हाताने धुण्याची सुटी पावडर नको. फेस चढतो, मशीन अडकतं, आणि वाचलेले पैसे मेकॅनिक घेऊन जातो.

दहा रुपयांच्या पुड्या आणि मोठं पाकीट यांची तुलना किमतीवरून करू नका. पाकिटावर ग्रॅमला किंवा किलोला काय भाव पडतो ते छापलेलं असतं, ते बघा. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त असतंच असं नाही.

नवी चादर पहिल्या दोन धुण्यांना वेगळी काढा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होत नाही, हे बावीस वर्षं सांगते आहे.

पाणी येण्याच्या दिवशी शेवटचं विसळलेलं पाणी सांडू नका. पुढची बादली त्यातच भिजवा. आधी पांढरे, मग फिके, मग गडद, आणि सगळ्यात शेवटी त्याच साबणाच्या पाण्यात पायपुसणी. आमच्या घरी पायपुसण्यांना वेगळी पावडर लागत नाही.

डागांवर पावडर उधळणं थांबवा. शेंगाचटणीचं तेल सांडलं तर पाणी लावायच्या आधी कोरड्या कापडावर धुण्याची वडी घासा, दहा मिनिटं ठेवा, मग धुवा. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, आणि लोक घाबरून त्यावर आणखी पावडर घालतात. घालू नका. एकदा धुवा आणि ओलाच कडक उन्हात टाका, डाग वरच्या बाजूला ठेवून. लाल रंग वाळता वाळता परत पिवळा होतो आणि मग उन्हाने उडत जातो. एका दिवसात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी मारून परत तिथेच टाका.