पावसाळ्यात घरातल्या कुंड्या: पाणी आवरा, उजेड द्या

जून ते सप्टेंबरमध्ये घरातली झाडं बहुतेक वेळा जास्त पाण्यानं दगावतात. आभाळ भरलेलं, हवा दमट, त्यामुळे झाड पाणी कमी ओढतं आणि कुंडीतली माती आठवडाभर ओली राहते. मुळांना हवा मिळत नाही, मग बुरशी शिरते. अशा झाडाची पानं तहानलेल्या झाडासारखीच मलूल दिसतात आणि आपण आणखी पाणी ओततो. तिथेच घात होतो.

म्हणून ठरलेल्या वारी पाणी घालणं थांबवा. मनी प्लांट, सिंगोनियम, अरेका पाम यांची वरची दोन इंच माती कोरडी लागली तरच पाणी द्या. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांटची कुंडी तळापर्यंत सुकू द्यावी. पावसाळ्यात याला तीन-चार आठवडेही लागतात. कुंडी उचलून पाहण्याची सवय लावा, वजनावरून ओल लगेच कळते. पाणी द्याल तेव्हा तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या आणि बशीत साचलेलं अर्ध्या तासात ओतून टाका.

नर्सरीतून आणलेली झाडं बरेचदा चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतात. या दिवसांत तो गोळा आतून सुकतच नाही. बाहेरची माती हलक्या हातानं मोकळी करा, मुळं तोडू नका. दोन भाग माती, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) किंवा जाड वाळू असं मिश्रण भरा. नवी कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच मोठी घ्यावी. तळाशी खडीचा थर देऊ नका, त्यानं निचरा सुधारत नाही. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे.

उजेडाचंही बघा. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबई-पुण्यात सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही. कुंड्या खिडकीपासून दोन-तीन फुटांच्या आत आणा. अंधाऱ्या कोपऱ्यासाठी स्नेक प्लांट किंवा झेडझेडच निवडा. जेड प्लांट आणि कोरफड तिथे टिकणार नाहीत. नवी पानं येत नसतील तर खत देऊ नका.

मातीवर बारीक काळी चिलटं उडू लागली तर ओल जास्त आहे असं समजा. वरचा थर सुकू द्या, पिवळे चिकट सापळे लावा. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. आधी ओल्या फडक्यानं पुसा, मग एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा, दर सात दिवसांनी तीनदा.

खोड बुडाशी मऊ पडून वास येत असेल तर झाड लगेच कुंडीतून बाहेर काढा. काळी, पिचपिचीत मुळं स्वच्छ कात्रीनं कापा. मनी प्लांटची निरोगी, दोन पेरांची काडी पाण्यात लावून ठेवा, मूळ झाड गेलं तरी वेल हाती राहील. उरलेलं झाड ताज्या, कोरडसर मिश्रणात लहान कुंडीत लावा आणि पहिलं पाणी दोन-तीन दिवसांनी द्या.