खोकताना, ओझे उचलताना लघवी सुटत असेल तर करावयाचा व्यायाम

हंडा डोक्यावर चढवताना, उसाची मोळी उचलताना, शिंक किंवा खोकल्याची उबळ आली असता थोडी लघवी सुटणे ही मराठवाड्यातील पुष्कळ बायकांची तक्रार आहे. पण ती घरात बोलली जात नाही, डॉक्टरांपुढेही येत नाही, आणि ‘लेकरं झाली, वय झालं, आता असंच चालायचं’ अशी मनाची समजूत घालून वर्षानुवर्षे सोसली जाते. असे सोसत राहण्याचे काहीही कारण नाही. या तक्रारीवर सर्वांत आधी करावयाचा उपचार म्हणजे व्यायाम. त्याला पैसा लागत नाही, वेगळी जागा लागत नाही. मात्र तो नेमका करावा लागतो आणि निदान तीन महिने चिकाटीने करावा लागतो.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंचा एक थर झोळीसारखा ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तो खालून आधार देतो, आणि खोकताना पोटातला दाब एकाएकी वाढला की आवळून मूत्रमार्ग मिटलेला ठेवतो. बाळंतपणात हा थर ताणला जातो, पाळी गेल्यानंतर तो सैल पडू शकतो. जुना खोकला, बद्धकोष्ठता, वाढलेले वजन आणि रोजची जड ओझी त्यात भर घालतात. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामाची पद्धत मांडली, म्हणून त्याला केगल व्यायाम असेही म्हणतात. जगभरातील चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात, ही तक्रार असलेल्या आणि व्यायाम केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ५६ टक्के जणींनी आपण पूर्ण बऱ्या झाल्याचे सांगितले. व्यायाम न केलेल्यांत हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते.

सगळ्यात महत्त्वाचे आणि सगळ्यात जास्त चुकणारे काम म्हणजे योग्य स्नायू ओळखणे. लघवी करून घ्यावी, पाठीवर निजून गुडघे दुमडावेत आणि अंग सैल सोडावे. मग गुदद्वारातून वायू सरू नये म्हणून आणि त्याच वेळी लघवीची धार थांबावी म्हणून आपण जसे आवळतो तसे आवळून आत व वरच्या दिशेला ओढावे. एक हात पोटावर ठेवावा. पोट कडक होत असेल, मांड्या एकमेकींवर दाबल्या जात असतील, कुल्ले आवळले जात असतील किंवा श्वास रोखला जात असेल, तर जोर भलत्याच ठिकाणी लागत आहे असे समजावे. पुष्कळ जणी वर ओढण्याऐवजी शौचाला बसल्यासारखे खाली कुंथतात. त्याने आराम पडण्याऐवजी त्रास वाढतो. शंका असल्यास हात स्वच्छ धुऊन एक बोट योनीमार्गात ठेवून पाहावे; आकुंचन बरोबर असेल तर बोटाभोवती आवळ जाणवते आणि बोट किंचित आत ओढले जाते. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम करण्याची सवय लावून घेऊ नये, कारण त्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची भीती असते.

स्नायू सापडला की तो हळूहळू आवळावा, तीन ते पाच सेकंद धरावा, श्वास चालू ठेवावा, आणि मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावा. सैल सोडणे हा व्यायामाचाच भाग आहे. घाईत तो गाळू नये. असे आठ ते दहा वेळा करावे आणि त्यानंतर आठ ते दहा वेळा झटकन आवळून झटकन सोडावे. हा एक फेरा झाला. असे तीन फेरे दिवसातून करावेत. जमेल तसतसे धरण्याचा काळ दहा सेकंदांपर्यंत न्यावा. सुरुवात निजून करावी, मग बसून आणि शेवटी उभ्याने, कारण लघवी सुटते ती बहुधा उभ्यानेच. फडावर गेलेल्या बाईला दुपारी निजून व्यायाम करणे शक्य नसते. तिने सकाळी उठण्याआधी अंथरुणात, दुपारी भाकरी खाताना बसून आणि रात्री निजताना असे तीन फेरे करावेत. आवळले आहे हे शेजारी बसलेल्या बाईलाही कळत नाही.

या ताकदीचा उपयोग ऐन वेळी करता आला पाहिजे. खोकला येणार असे वाटताच, शिंकेच्या आधी, घागर किंवा मोळी उचलण्यापूर्वी हे स्नायू आवळावेत आणि ताण संपेपर्यंत धरून ठेवावेत. उचलताना श्वास कोंडू नये, तो बाहेर सोडत उचलावे. हे हातात बसले की काही जणींना स्नायू बळकट होण्याआधीच फरक जाणवतो.

रानात आडोसा नसतो म्हणून दिवसभर पाणीच न पिणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने लघवी गडद होऊन मूत्राशयाला चुरचुर होते आणि बद्धकोष्ठता वाढते. चुलीच्या धुराने किंवा तंबाखूने खोकला जडला असेल तर त्यावरही उपचार घ्यावा. वजन जास्त असल्यास थोडे उतरले तरी लघवी सुटणे कमी होते. साध्या प्रसूतीनंतर, दुखत नसेल तर, सव्वा महिना संपण्याची वाट न पाहता काही दिवसांतच हलके आकुंचन सुरू करता येते. टाके जास्त असतील किंवा लघवीची नळी घातलेली असेल तर आधी विचारून घ्यावे.

लघवीत रक्त दिसणे, जळजळ, अंग बाहेर येणे, प्रसूतीनंतर सतत लघवी गळत राहणे, किंवा एकदम घाई होऊन मोरी गाठेपर्यंत सुटणे, यांपैकी काही असेल तर केवळ या व्यायामावर न थांबता तपासणी करून घ्यावी. तीन महिने नेमाने करूनही उतार पडला नाही तरी तपासणी करावी. योनीमार्गात बसवायची आधाराची रिंग किंवा शस्त्रक्रिया असे पुढचे मार्ग आहेत.

गर्भाशय काढणे हा मात्र लघवी सुटण्यावरचा उपचार नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य शासनाला समिती नेमून चौकशी करावी लागली, ही गोष्ट या भागातील प्रत्येक बाईने ध्यानात ठेवावी. एवढ्याच तक्रारीसाठी कोणी पिशवी काढण्याचा सल्ला दिला तर होकार देण्याआधी छत्रपती संभाजीनगर (घाटी रुग्णालय), अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात दुसरे मत घ्यावे. तिथे ‘अशक्तपणा आहे’ असे मोघम न सांगता, कोणते काम करताना लघवी सुटते, दिवसातून किती वेळा आणि केव्हापासून, हे स्पष्ट सांगावे.