शेजाऱ्यांना धर्मावर बोलायला बोलावताना

चर्चच्या हॉलमध्ये बोलावू नका. मी ते करून बसले आहे. नागपूरच्या सदरमधल्या हॉलात खुर्च्या मांडल्या, 'आंतरधर्मीय संवाद' असा बॅनर लावला. शेजारी आले आणि लग्नातल्या अनोळखी पाहुण्यांसारखे कडेकडेला बसले. एकाने हळूच विचारलं, "बाई, हे धर्मांतराचं तर नाही ना?" तेव्हापासून आम्ही माझ्या अंगणात जमतो, तर्री-पोह्यांवर. सहा-सात जण पुरे. मे महिन्यात तर नकोच. आत बसावं लागतं आणि कूलरच्या घरघरीत कोणाचं काही ऐकू येत नाही.

बोलावण्याआधी आपल्याच घरात डोकावा. इतर धर्मांच्या माणसांचं तारण, म्हणजे पापातून सुटका, होतं का, यावर ख्रिस्ती माणसांचं एकमत नाही आणि आपल्या मंडळीतल्या निम्म्यांना हे ठाऊकच नसतं. 'चर्चबाहेर तारण नाही' हे तिसऱ्या शतकातल्या बिशप सिप्रियनचं म्हणणं. खरं तर तो चर्चमधून फुटून निघालेल्या ख्रिस्ती लोकांविषयी बोलत होता, पण पुढे ते सगळ्या जगाला लावलं गेलं. त्याच्या शंभर वर्षं आधी जस्टिन हा ख्रिस्ती विचारवंत म्हणत होता, की देवाच्या शब्दाची बीजं ग्रीक विचारवंतांतही पेरलेली आहेत. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर केलं, की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही. विसाव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ जॉन हिक आणखी पुढे गेला: सगळे धर्म एकाच परमसत्याला दिलेले वेगवेगळे प्रतिसाद. यातलं तुम्हाला काय पटतं ते आधी ठरवा आणि पाहुण्यांना पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाका.

मला वाटायचं, हिकची भूमिका सगळ्यात गोड लागेल. म्हणून मी म्हणाले, "शेवटी सगळे धर्म एकच ना!" समोर बसलेल्या बौद्ध शेजाऱ्यांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. त्यांचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. "सगळं एकच असतं, तर बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा काहून दिल्या असत्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा हे वाक्य तुम्ही तरी टाळा. त्यांना 'तुमचा देव' असंही विचारू नका. घरातलं माणूस गेल्यावर तुम्ही काय करता, हे विचारा. त्या प्रश्नावर आमच्याकडे दोन तास गेले.

मधली वाटही, म्हणजे इतर धर्मांतही सत्य आहे पण ते ख्रिस्ताकडे नेतं असं म्हणणं, वाटते तितकी सोपी नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले असं म्हणतात. मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. वारी करणाऱ्या काकू म्हणाल्या, "पूल म्हंजे ओलांडून पुढं जायचा, नाही का वो?" आता मी टिळकांचे अभंग वाचून दाखवते, पुलाचं नाव घेत नाही.

आणि मजा बघा: तारण येशूतच आहे असं मी मानते, हे चाचरत सांगितलं तेव्हा मोमीनपुऱ्याचे चाचा हसले. "अच्छा हुआ, साफ बोल दिया. हमारा भी यही है, बस नाम अलग." मग कुराणातली मरियमच्या नावाची सुरा आणि बायबलमधल्या लूकचा पहिला अध्याय आम्ही शेजारी ठेवून वाचला. येशू देवाचा पुत्र आहे की नाही यावर अडलो. अडलो तिथेच थांबलो. फार बरं वाटलं.

आपल्या येशूचं पर्वतावरचं प्रवचन आणि त्यांच्यातली भांडणं अशी तुलना कोणी सुरू केली, तर लगेच थांबवा. जात आपल्या मंडळीतही आहे, लग्न जुळवताना दिसतेच.

दोन तासांवर ताणू नका. आणि पुढची बैठक त्यांच्यापैकी कोणाच्या घरी ठेवा. विषय त्यांचा, चहा त्यांचा. तुम्ही जाताना संत्रा बर्फी घेऊन जा.